गळ्यातले फ्यूज

अप्पा कुठेही बसायच्या आधी वर बघायचे. झाडाखाली बसायचं असलं तर फांदी, घरात बसायचं असलं तर पंखा, आणि उघड्यावर बसायचं असलं तर नुसतं आभाळ. आभाळात काय बघता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई तम्मा. पर बगायला काय जातंय?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा होतो, पण त्यांनी मला भावाच्या जागी बसवलं ते कायमचं.

कर्नाटकातल्या आळंदपासून थोड्या अंतरावरच्या एका डाळ मिलमध्ये आम्ही दोघं कामाला. मी कलबुर्गीहून डिप्लोमा करून आलेला सुपरवायझर आणि अप्पा सुरक्षेचे अधिकारी. हे पद त्यांना कसं मिळालं ती गोष्ट मिलमध्ये प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जाते. एकदा सरकारी तपासनीस आले. नाकावर रुमाल धरून सगळी मिल फिरले, रजिस्टरं चाळली आणि मालकांना विचारलं, "कामगारांना सुरक्षेच्या सूचना रोज कोण देतं?" मालक म्हणाले, "देतात की." "कोण देतं?" मालकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्या दिवशी अप्पा एक बिघडलेला स्टार्टर बघायला म्हणून आले होते आणि हातात टेस्टर घेऊन कोपऱ्यात वाकले होते. मालकांनी त्यांच्याकडे बोट केलं. "हे काय, हे देतात." वीज खात्यात लाइनमन म्हणून उभी हयात घालवून नुकतेच रिटायर झालेले अप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. उद्यापासनं देतो."

तपासनीस गेले, विषय मिटला, असं मालकांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अप्पा इस्त्रीची खाकी घालून वजनकाट्याजवळच्या कडुलिंबाखाली उभे होते. सगळ्या कामगारांना त्यांनी समोर बसवलं आणि पंधरा मिनिटं मिल चालू होऊ दिली नाही. मालक तणतणत आले तेव्हा अप्पांनी त्यांनाही हाताने खूण करून खाली बसवलं. मालक बसले. का बसले ते त्यांना अजून सांगता येत नाही.

रजिस्टरमध्ये मी त्याला 'सेफ्टी ब्रीफिंग' लिहायचो. कामगार 'अप्पाचं परवचन' म्हणायचे. हे परवचन तीन भाषांत चालायचं. गंमत सांगायची ती मराठीत, धोका सांगायचा तो कन्नडमध्ये आणि रागवायचं ते दखनीत. "आमच्या खात्यात एक साहेब होता, त्याला शिडीच्या पयल्या पायरीवरच चक्कर यायची," अशी मराठीत सुरुवात व्हायची. लोक हसून सैल झाले की आवाज खाली आणून, "पट्टा चालू असताना कै हच्चब्याड," म्हणजे हात लावू नका. आणि तेवढ्यात कुणी फाटकी चप्पल घालून आलेला दिसला की त्याच्याकडे वळून, "क्या जी, पाँव किराये पे लाए क्या?" आमच्या भागात बहुतेकांना तिन्ही भाषा येतात, त्यामुळे कुणीच सुटायचं नाही.

पण अप्पांचं खरं खूळ पुढेच होतं. दुसऱ्याची चूक सांगणं ही चुगली आणि आपली चूक सांगणं हे काम, असं त्यांचं ठाम मत. म्हणून रोज एकाने उठून कालची आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची, आणि जो सांगेल त्याला पहिला कप चहा. सुरुवातीला आठ दिवस कुणी उठेना. अप्पा गप्प उभे राहायचे आणि चहा गार व्हायचा. नवव्या दिवशी रेवण नावाचा हमाल उठला आणि म्हणाला, "अप्पा, बायकोचं ऐकून सेकंडहँड मोटारसायकल घेतली, ही चूक झाली." लोक पोट धरून हसले. अप्पा म्हणाले, "ती मशीन मिलच्या बाहेरची हाय. खाली बस." पण चहा दिला त्याला.

तिथून गाडी रुळावर आली. एकदा डाळ निवडणाऱ्या बायकांतली शोभा उठली. शोभा म्हणजे अप्पांच्या लेकीची नणंद, तिसऱ्या ओळीत बसायची आणि कधी तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "काल कानातलं पट्ट्याखाली पडलं. मी चालू पट्ट्याखाली हात घातला. दोनदा." त्यावर कुणी हसलं नाही. अप्पांनी तिला दोन कप चहा दिला. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या बायका कानातली घरी ठेवून आल्या. तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी मात्र कधी उठलो नाही. रजिस्टर माझ्या हातात होतं, आणि रजिस्टरवाल्याने चुका लिहायच्या असतात, सांगायच्या नसतात, अशी माझी समजूत होती. डिप्लोमाचा माज असतो थोडा, तो मला भरपूर होता.

मिलच्या बाहेरही अप्पा ड्यूटीवरच असायचे. एसटीत बसले की मागचा संकटकाळचा दरवाजा उघडतो का ते बघायचे. एकदा तो खरंच उघडला आणि कंडक्टरने त्यांना आळंदच्या अलीकडेच उतरवलं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लाउडस्पीकरची एक उघडी वायर त्यांना पाण्याच्या पिंपाजवळ दिसली. त्यांनी सरळ जाऊन फ्यूज काढला. माइक गेला, पंखे गेले, भटजी उरलेली मंगलाष्टकं ओरडून म्हणाले आणि अंतरपाट धरणारे दोघं घामाने निथळले. माझी सासू अजूनही विचारते, तो खाकीतला माणूस तुमच्याकडचा कोण.

आता फ्यूजचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डाळ करण्याआधी तुरीला तेल-पाणी लावून ती कोठीत मुरत ठेवतात. कोठी म्हणजे दोन-तीन पुरुष उंचीची पत्र्याची टाकी. तिच्या तळाला लोखंडी स्क्रू फिरतो आणि तूर पुढे ढकलतो. हवा दमट असली की तूर आत चिकटून बसते, आणि मग कुणीतरी वरून शिडीने आत उतरून बांबूने ती मोकळी करावी लागते. आत माणूस असताना स्क्रू चालू झाला तर पायाखालची तूर सरकते आणि माणूस तिच्यात बुडतो, विहिरीत बुडावा तसा. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

यावर अप्पांनी लाइनमनची रीत आणली. खांबावर चढणारा लाइनमन आधी डीपीतले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. मग खाली कुणी कितीही शहाणा आला तरी त्याला वीज सोडता येत नाही. "ज्याचा जीव, फ्यूज त्याच्याजवळ," असं अप्पा म्हणायचे. त्यांनी आपल्या जुन्या खाकी पँटची एक पिशवी शिवली, तिला नाडी लावली. कोठीत उतरणाऱ्याने बोर्डातले तिन्ही फ्यूज काढायचे, पिशवीत घालायचे, पिशवी गळ्यात अडकवायची आणि मगच उतरायचं. आणखी एक नियम होता. एक आत, एक वर. आत माणूस असेपर्यंत वर झाकणाशी दुसरा उभा राहणारच, मग तो जेवणाचा वेळ असो की पगाराचा.

रीत चांगली होती, पण एके दिवशी मल्लप्पाने घोटाळा केला. कोठी मोकळी करून तो बाहेर आला तेव्हा त्याचा मेहुणा गेटवर गाडी घेऊन उभा होता. तिकडे महाराष्ट्रात उमरग्याला भाच्याचं जावळ होतं. मल्लप्पा हात-तोंड धुऊन, वरून नवा शर्ट चढवून गेला. फ्यूजची पिशवी शर्टाच्या आत गळ्यातच राहिली. इकडे मिल बंद. सगळीकडे शोधाशोध झाली आणि शेवटी मी त्याला फोन लावला. मल्लप्पा म्हणाला, "साहेब, पंगतीत बसलोय. थांबा, बगतो." मग थोडा वेळ नुसता पंगतीचा आवाज आला आणि मल्लप्पा हळू आवाजात म्हणाला, "व्हय, हितंच हाईत." राज्य ओलांडून गेलेले फ्यूज परत यायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मल्लप्पाने ती चूक सांगितली आणि चहा मिळवला. अप्पा तर खूशच होते. त्यांचं म्हणणं, मिल बंद पडली म्हणजे रीत पक्की आहे.

मालक खूश नव्हते. त्यांनी आठ दिवसांत तीन नवे फ्यूज आणले, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि किल्ली माझ्याकडे दिली. "अडीअडचणीला असू द्या," म्हणाले. "अप्पांना सांगू नका, उगीच परवचन करत बसतील." मी किल्ली खिशात टाकली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

अप्पांची एकच दुखरी जागा होती, ती म्हणजे बीदर. त्यांची लेक तिथे शाळेत शिकवते. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा, अप्पा, नोकरी सोडा आणि माझ्याकडे या. शेवटी त्यांच्यात करार झाला होता. मिलमध्ये अप्पांच्या जिवावर बेतेल असं काही एकदा जरी झालं, की वाद न घालता पेटी भरायची आणि बीदर गाठायचं. अप्पांनी हे कबूल केलं होतं, कारण आपल्याला काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "दुसऱ्या मजल्यावर घर हाय तिचं," ते मला सांगायचे. "मी तितं काय करू, तम्मा? ग्यालरीत बसून तितल्या हवाई दलाची इमानं मोजू?" हे बोलताना त्यांचा चेहरा असा उतरायचा की मी विषय बदलायचो.

तो दिवस दमट होता. सकाळपासून कोठी अडत होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे पलीकडच्या शेडमध्ये भाकरी खायला बसले होते आणि मला मालकांचा फोन आला. गाडी दारात उभी आहे, माल आजच्या आज जायला हवा, जेवण होत राहील, मशीन चालू करा. मी बोर्डाजवळ गेलो. तिन्ही फ्यूज गायब. मला लगेच मल्लप्पा आठवला आणि राग आला. पुन्हा गळ्यात घालून कुठेतरी उलथला असणार. मी ऑफिसात गेलो, ड्रॉवर उघडला, नवे तीन फ्यूज आणले आणि बोर्डात बसवले. डिप्लोमावाला माणूस, चटकन बसवले. मग हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"साहेब, पिशवी कुटं हाय?"

शांताक्का होत्या. बायकांच्या मुकादम, मिलमध्ये सगळ्यांत जुन्या. हात धुवायला नळाकडे निघाल्या होत्या.

"मल्लप्पा घेऊन गेला," मी म्हणालो.

"मल्लप्पा माज्यासमोर बसून जेवायलाय की," त्या म्हणाल्या.

माझं बोट बटणावरच होतं. शांताक्कांनी ते उष्ट्या हाताने धरून बाजूला केलं आणि कोठीकडे बघून हाक मारली. थोड्या वेळाने कोठीच्या तोंडातून आधी बांबू वर आला, मग अप्पांचं डोकं. मिशीत तूर, भुवयांवर भुसा. "काय झालं? जेवनं झाली का?" त्यांनी विचारलं.

ते सावकाश शिडी उतरून आले. लोक जेवत होते, कशाला कुणाला उठवायचं, म्हणून ते एकटेच आत उतरले होते. वर कुणीच नव्हतं. बोर्डासमोर येऊन ते थांबले. बोर्डात तीन फ्यूज होते. त्यांनी गळ्यातली पिशवी उघडली आणि आतले मोजले. तेही तीन होते. पुन्हा बोर्डातले मोजले. मग तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी बसण्याआधी त्यांनी वर बघितलं नाही.

"कवापासनं हाईत हे?" त्यांनी मला विचारलं.

"जावळानंतर," मी म्हणालो. "ड्रॉवरमध्ये होते. किल्ली माझ्याकडे असते."

मला वाटलं, आता दखनी सुरू होईल. झाली असती तर बरं वाटलं असतं. पण अप्पांनी पिशवीची नाडी पुन्हा बांधली. मग त्यांनी आधी शांताक्कांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "हे हितंच राहू द्या," ते म्हणाले. "कुनाला बोलू नका. पोरीला कळलं तर मला नेईल."

शांताक्का नळाकडे गेल्या. मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझी सुटका झाली होती. माझी नोकरी वाचत होती, त्यांचीही वाचत होती, आणि आम्हा तिघांशिवाय कुणालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तरीही रात्री जेवण गेलं नाही. ज्या माणसाने रेवणपासून शोभापर्यंत सगळ्यांना उभं राहून बोलायला लावलं, त्याला मी लपवायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आठला अप्पा कडुलिंबाखाली उभे होते. चपलांवर बोलायला लागले. मराठीत बोलले, कन्नडमध्ये बोलले, आणि मध्येच थांबले. आपण कुठे होतो तेच त्यांना आठवेना. खाली बघत म्हणाले, "आज मीच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत एकटा कोठीत उतरलो, वर कुणाला उभं केलं नाही, आत होतो तेव्हा बोर्डात दुसरे फ्यूज बसले, आणि शांताक्का नसत्या तर आज तुम्ही सगळे माझ्या घरी बसला असता. हे सगळं त्यांनी एकाच भाषेत सांगितलं. गंमत नव्हती आणि राग नव्हता, त्यामुळे बाकीच्या दोन लागल्याच नाहीत.

"फ्यूज कुणी बसवले?" रेवणने विचारलं.

"ते मी सांगनार न्हाई," अप्पा म्हणाले. "हितं आपली आपली सांगायची असती."

मग त्यांनी तिसऱ्या ओळीकडे बघितलं. "शोभा, सांजच्याला तू बीदरला फोन करशील, मला म्हाईत हाय. कर. पर अर्दं सांगू नको. वर कोन न्हवतं, ते पयलं सांग."

शोभाने पदर तोंडाला लावला. मी रजिस्टर खाली ठेवलं आणि उठलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. ड्रॉवर, किल्ली, मालकांचा फोन, माझं बोट, एवढं सगळं आलं असावं. चहा आला तेव्हा मल्लप्पाने कप आणून माझ्या हातात दिला.

मालकांपर्यंत बातमी दहा मिनिटांत गेली. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ते नवे तीन फ्यूज घेऊन स्वतः आले आणि अप्पांच्या हातात ठेवले. अप्पांनी ते वजनकाट्याच्या लोखंडावर आपटून फोडले. मग केरसुणी मागून घेतली आणि तुकडे स्वतः झाडून काढले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

चौथ्या दिवशी बीदरच्या गाडीने लेक आली. अप्पांनी खरंच पेटी भरून ठेवली होती. शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ते फ्यूजइतकेच कडक होते. ती आधी त्यांच्याकडे गेली नाही, ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसली. सडपातळ, चष्मेवाली, नजर थेट बापाची. बसण्याआधी तिने पंख्याकडे बघितलं.

"बटन तुम्ही दाबनार होतात ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"एक खरं सांगा. अप्पांनी सभेत सांगितलं नसतं, तर कुनाला कळलं असतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"अन् सांगितलं की मी नेनार, हे त्यांना ठाऊक होतं?"

"होतं. आदल्या दिवशी त्यांनीच आम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांना बीदरला यायचं नाही ताई. मनापासून नाही."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर अप्पा पेटीशेजारी उभे होते आणि एका ट्रक ड्रायव्हरला चाकामागे दगड लावायला सांगत होते. ड्रायव्हर दगड लावत होता. तिने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला.

"न्हेऊन तरी मी काय करू त्यांचं?" ती म्हणाली. "राहू दे त्यांना हितंच. पर आता ते आत उतरले की वर कोन उभं राहनार, त्याचं नाव मला पायजे. आत्ता पायजे."

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि लिहून घ्यायला अंगठा तयार ठेवला.

मी माझं नाव सांगितलं.